पोर अलीगढला निघालं, तेव्हा घराने काय द्यावे?

बारावीचा निकाल लागला की दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बोरी अरबात दोन चर्चा सुरू होतात. पहिली पैशांची. फी किती, खोलीचे किती, जेवणाचे किती. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती यायला तर दिवाळी उजाडते, तोवर कोणाकडून उसने घ्यायचे? ही चर्चा ओट्यावर बसून, चार लोकांत, मोठ्याने होते. दुसरी चर्चा घरात, रात्री जेवणे आटोपल्यावर, हळू आवाजात होते. "तिथं मोठ्या घरची पोरं असतील. आपलं पोर त्यांच्यात बसेल का?"

पहिल्या चर्चेला उत्तर सापडते, निदान शोधता तरी येते. दुसरी तशीच मनात राहते आणि पोराच्या पेटीतून त्याच्यासोबत जाते. म्हणून या वेळी आम्ही त्या दुसऱ्या चर्चेबद्दलच लिहायचे ठरवले.

यवतमाळ, अमरावती, नागपूर ही गावे आम्हाला परकी नाहीत. तिथे मामा-मावशी असतात, बोलीही आपलीच असते. पण अलीगढचे नाव निघाले की घरातले वातावरण बदलते. अभिमान वाटतो आणि धाकही वाटतो. हा धाक अगदीच खोटा नाही. तो कुठून आला हे समजून घेतले तर पोराला त्याच्याशी झुंजणे सोपे जाईल.

सर सय्यद अहमद खान 1869 मध्ये इंग्लंडला गेले. त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद केंब्रिजला शिकले. केंब्रिजची आणि ऑक्सफर्डची रीत अशी, की विद्यार्थी आधी एखाद्या कॉलेजचा असतो. तिथेच राहतो, तिथेच सगळ्यांसोबत जेवतो, तिथल्याच शिक्षकांच्या नजरेखाली वाढतो. वर्गात जे शिकवत नाहीत ते जेवणाच्या टेबलावर आणि खोलीच्या व्हरांड्यात शिकायला मिळते. सर सय्यद यांना हीच गोष्ट भावली. 24 मे 1875 रोजी अलीगढला मदरशाची सुरुवात झाली, 1877 मध्ये मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली आणि 1920 मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. आजही तिथला विद्यार्थी कोणत्या तरी 'हॉल'चा असतो. हॉलचा प्रमुख म्हणजे प्रोव्होस्ट, शिस्त सांभाळणारा तो प्रॉक्टर. समारंभाला काळी शेरवानी, 17 ऑक्टोबरला सर सय्यद डेचे जेवण, सीनियरला आदबीने सलाम. हे सगळे त्या रीतीतूनच आले आहे.

पण या रीतीसोबत आणखी एक गोष्ट आली. सर सय्यद यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः उत्तरेतली 'शरीफ' घराणी होती. जमीनदार, सरकारी नोकर, जुन्या इज्जतीचे लोक. सुरुवातीच्या काळात वसतिगृहातसुद्धा 'पक्की बारक' आणि 'कच्ची बारक' असा भेद होता. जास्त शुल्क भरणारे पक्कीत, बेताच्या परिस्थितीतले कच्चीत. म्हणजे बागवान, पिंजारी, कुरेशी किंवा शेतमजुराच्या घरातल्या पोराला तिथे बुजल्यासारखे वाटले तर तो त्याचा भ्रम नव्हे. ते घर बांधतानाच काही लोकांच्या मापाने बांधले गेले होते. आता तिथे सगळ्या थरांतली, सगळ्या धर्मांची मुले-मुली शिकतात, पण जुन्या मापाची सावली अजून कुठे कुठे पडते. आडनाव विचारताना, 'वालिद क्या करते हैं' असे विचारताना ती जाणवते.

खाला अम्मा

याच कॉलेजातली एक गोष्ट अलीगढवाले आजही सांगतात. एकोणिसावे शतक सरता सरता उन्नाव जिल्ह्यातल्या मोहान या कसब्यातून एक मुलगा शिष्यवृत्ती मिळवून तिथे आला. पोशाख जुन्या वळणाचा आणि हातात पानदान. कोट-पतलूनवाल्या पोरांना हसायला निमित्तच मिळाले. त्यांनी त्याचे नाव ठेवले 'खाला अम्मा'.

तो मुलगा म्हणजे सय्यद फजलुल हसन, म्हणजेच हसरत मोहानी. त्यांनी पानदान लपवले नाही आणि आपली बोलण्या-चालण्याची रीतही सोडली नाही. 1903 मध्ये बी.ए. झाले, 'उर्दू-ए-मुअल्ला' नावाचे मासिक काढले, इंग्रज सरकारविरुद्धच्या लेखापायी 1908 मध्ये तुरुंगात गेले. 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा त्यांची. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले, तरी राहणी तशीच साधी राहिली. त्यांची गझल गुलाम अलींच्या आवाजात घराघरांत पोचली. ज्यांनी त्यांना हसण्यावारी नेले त्यांपैकी कितीजणांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत?

पण ही गोष्ट सांगून पोराला 'तूही हसरत हो' म्हणणे बरोबर नाही. प्रत्येकाच्या अंगी तेवढा निबरपणा नसतो. टिंगल झाली की बहुतेक मुले गप्प होतात, मेसमध्ये शेवटी जाऊन जेवतात, वर्गात हात वर करत नाहीत. आणि हळूहळू 'मला इथं करमत नाही' असे फोनवर सांगू लागतात. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टिंगल करण्यास आणि टोपणनावांनी डिवचण्यास स्पष्ट मनाई आहे. तेव्हा हसणाऱ्याची चूक हसणाऱ्याच्याच पदरात टाकायला आधी पोराला शिकवावे. त्याने ती आपल्या अंगावर घेऊ नये.

'हौ' आणि 'नक्को'ची लाज

आमच्या भागातल्या मुलांना सगळ्यात आधी लाज वाटते ती बोलण्याची. कोणी मराठी शाळेत शिकलेले, कोणी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत. घरी 'हौ', 'नक्को', 'कायकू'. तिथे समोरून लखनवी वळणाचे 'जी, आप तशरीफ रखिए' आले की आपले पोर निम्मे वाक्य गिळून टाकते.

त्याला एक गोष्ट जरूर सांगा. आपली दखनी ही बिघडलेली उर्दू नव्हे. दक्षिणेत या भाषेत कविता लिहिली जात होती, तेव्हा दिल्लीचे बहुतेक शायर फारसीतच लिहीत होते. औरंगाबादी म्हणून ओळखले जाणारे वली दखनी 1700 मध्ये दिल्लीला गेले. त्यांचा दीवान नंतर दिल्लीत पोचला, तेव्हा तिथल्या शायरांना कळले की आपल्या बोलीतही गझल लिहिता येते. ज्या बोलीत मराठीतला 'नको' मिसळला आहे, त्याच दखनच्या माणसाने उत्तरेला हा रस्ता दाखवला. म्हणून तिथली जबान शिकावी, जरूर शिकावी. परीक्षेत, मुलाखतीत ती लागते. पण एक नवी भाषा म्हणून शिकावी, आपल्या आईच्या बोलीची भरपाई म्हणून नव्हे. इंग्रजीचेही तसेच.

मुर्डीचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे का? नाही. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात आपल्या महाराष्ट्रातली दोन माणसे वेगवेगळ्या काळात शिकली. एक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दुसरे, माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या तय्यबजी-फैजी कुटुंबातले कायदेपंडित आसफ फैजी. फैजींच्या नात्यागोत्यात विलायत आधीच होती. बद्रुद्दीन तय्यबजी 1860 मध्येच शिकायला इंग्लंडला गेले होते. परांजपे मात्र कोकणातल्या खेड्यातून निघालेले. म्हणजे तिथे पाऊल ठेवताना मुसलमान घरातल्या मुलाला जे ओळखीचे होते, तेच ब्राह्मण घरातल्या मुलाला नवखे होते. फरक धर्माने पडला नाही. घरातले कोणी आधी तिथे जाऊन आले होते की नाही, त्याने पडला.

तरी परांजपे 1899 मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. बुद्धी तर होतीच. पण आणखी एक गोष्ट होती. शाळेच्या वयात मुंबईला त्यांना नात्यातल्या भावाचे, धोंडो केशव कर्व्यांचे घर मिळाले. एक पायरी पुढे गेलेला घरचा माणूस मिळाला. खेड्यातून एकदम केंब्रिज झाले नाही. मध्ये कोणीतरी हात धरला होता.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. ज्याला आपण 'खानदानी वळण' म्हणतो ते बहुतेक वेळा आधीपासून मिळालेली माहिती असते. कोणाला काय म्हणायचे, अर्ज कुठे द्यायचा, काटा-चमचा कसा धरायचा, सरांना शंका कधी विचारायची. मोठ्या घरचे पोर हे जेवता जेवता शिकते, म्हणून ते रक्तातच आहे असे भासते. माहिती मात्र कोणालाही देता येते, फक्त देणारा हवा.

अलीगढलाही हे उमगले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साहबजादा आफताब अहमद खान यांनी 'अंजुमन-उल-फर्ज', म्हणजे ड्यूटी सोसायटी सुरू केली. विद्यार्थी सुट्टीत गावोगावी फिरून गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी जमवत. 1906 मध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली. वसतिगृहातल्या मुलींची बेगम साहिबांनी आईसारखी देखभाल केली, तेव्हा कुठे घराणी मुली पाठवायला धजावली. ढाब्यावर सीनियरसोबत चहा घेतला तर पैसे सीनियरने द्यायचे, हा तिथला रिवाजही याच जातीचा आहे. ज्याच्या खिशात कमी त्याचा मान राहतो.

आपल्या विदर्भातही हे काम चालू आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात वाढलेले राजू केंद्रे हे घरातल्या शिकणाऱ्या पहिल्या पिढीचे. त्यांनी यवतमाळात 'एकलव्य' हे काम उभे केले, ते खेड्यापाड्यांतल्या अशाच मुलांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवण्यासाठी. 2021 मध्ये ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. दुसरीकडे, मुस्लिम व इतर अल्पसंख्याक संशोधकांना मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने 2022 मध्ये बंद केली. सरकारी मदतीचा एकेक दरवाजा बंद होतो तेव्हा माहिती देणारा, हात धरणारा माणूस आणखीच मोलाचा ठरतो.

घराने द्यायच्या चार गोष्टी

पहिली, हिशेब. दरमहा किती पाठवता येतील हे पोराला निघण्याआधी आकड्यात सांगा. 'काही कमी पडणार नाही' असे म्हटले की पोर एक तर मित्रांच्या बरोबरीने खर्च करते, नाही तर लाजून काहीच मागत नाही आणि उपाशी राहते. शेरवानीसाठी इथे कर्ज काढू नका. तिथे ती शिवूनही मिळते आणि सुरुवातीला मित्राची मागूनही भागते. त्या पैशात चांगली रजई घ्या. विदर्भातल्या पोराला अलीगढची जानेवारीतली थंडी शेरवानीच्या लाजेपेक्षा जास्त छळते.

दुसरी, बापाचा धंदा. पोराला 'अब्बू पंक्चर काढतात', 'अब्बू दुसऱ्याच्या वावरात जातात' हे वाक्य सरळ म्हणता आले पाहिजे. घरात आपणच नातेवाइकांसमोर 'त्याचं ऑटोमोबाईलचं आहे' असे सांगत असू, तर लाज पोराने अलीगढला शिकलेली नाही, इथेच शिकली आहे. आणि अब्बूंनी एकदा तरी हॉस्टेलवर जावे. दिल्लीकडची गाडी वर्ध्याहूनही मिळते. 'मी आलो तर पोराला कमीपणा येईल' म्हणून न जाणारे बाप आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या न जाण्याने पोराला असे वाटते, की लपवण्यासारखे खरेच काही आहे.

तिसरी, फोन. 'अभ्यास झाला का, मार्क किती' याआधी 'आज कोणासोबत जेवलास?' हे विचारा. सलग पंधरा दिवस उत्तर 'एकटाच' असेल, तर हॉलमधल्या एखाद्या मोठ्या मुलाशी किंवा वॉर्डनशी बोलायची वेळ आली आहे. मुलीच्या बाबतीत 'मन लागत नसेल तर परत ये' हे पहिल्याच आठवड्यात म्हणू नका. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांनाच जड जातात, मोठ्या घरच्यांनाही.

चौथी, परतीची वाट. सहा महिन्यांनी पोर सुट्टीत येते, 'आप' म्हणू लागते, दाढीची किंवा दुपट्ट्याची तऱ्हा बदललेली असते. तेव्हा 'आला मोठा साहब' म्हणून आपणही त्याला हसतो. तिथे गावंढळ ठरले आणि इथे साहेब ठरले, तर त्या पोराने बसायचे कुठे? खाला अम्मा म्हणणारी जीभ आपल्याही गावात आहे, हे मान्य करू या.

आमचे एक मागणे आहे, बोरी अरबात आणि जिथे जिथे हे मासिक जाते त्या प्रत्येक गावात. ईदच्या सुट्टीत बाहेर शिकणारी मुले-मुली घरी येतात. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत तासभर बसवा, समोर नववी ते बारावीची मुले आणि त्यांच्या अम्मी-अब्बूंना बसवा. भाषण नको, सत्कार नको. अर्ज कधी निघतो, प्रवेश परीक्षा कशी असते, पहिल्या रात्री काय वाटले, कोण हसले, कोणी मदत केली, एवढे सांगू द्या. उठताना प्रत्येकाने निदान एका मुलाचा फोन नंबर लिहून घ्यावा आणि त्याचे पुढचे वर्षभर बघावे.