पोर्ट ३३८९ उघडा ठेवू नका!

घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायला विंडोजचं रिमोट डेस्कटॉप मला सगळ्यात आवडतं. पण त्याचा ठरलेला पोर्ट ३३८९ राउटरवर थेट इंटरनेटला उघडून देणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप ही त्रुटी जाहीर झाली. पासवर्ड नको, कुणी क्लिक करायला नको, तरी एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरू शकणारी! धोका एवढा मोठा, की सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने पॅच काढला.

नुसता पोर्ट नंबर बदलून फारसं साधत नाही, स्कॅनर तोही शोधतात. आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालूच ठेवा.

लॅपटॉप घेताना एक बघा: विंडोज होमवरून दुसऱ्या मशीनला जोडता येतं, पण होमवाल्या मशीनमध्ये या सोयीने बाहेरून शिरता येत नाही. त्यासाठी प्रो लागतं. मॅकवर एनीडेस्क किंवा रस्टडेस्क ही रिमोट ॲप वापरणार असाल, तर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी आधी द्या.

आणि ‘बँकेतून बोलतोय, असलं रिमोट ॲप टाका, त्यात दिसणारा नंबर सांगा’ असा फोन आला, तर तो तिथेच ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. घरातल्या मोठ्यांना हे आजच सांगा.