लाईट गेल्यावर सर्किट जागं ठेवायचंय?

मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आधी लाईट जाते, पाऊस मागून येतो. गच्चीवरच्या टाकीची पातळी कळावी म्हणून ज्यांनी घरी सर्किट जोडलंय, त्यांना तेव्हा बॅटरी आठवते. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: ‘सगळ्यात मोठी कुठली?’

प्रश्नच उलटा आहे. लाईट नाही म्हणजे मोटारही बंद. मग सर्किटनं जागं राहून करायचं काय? शेवटची पातळी लक्षात ठेवण्यापुरतं काम असेल, तर बॅटरी लागतच नाही. आर्डुइनो उनोमधल्या १,०२४ बाइटच्या ईईप्रॉममध्ये लिहिलेलं विजेशिवाय टिकतं. फक्त एका जागी एक लाख वेळा लिहिण्याचीच हमी असते. दर सेकंदाला लिहीत बसलात तर ती २८ तासांत संपते. पातळी बदलली तरच लिहा.

‘घड्याळाच्या मॉड्यूलवर सेल आहेच की!’ आहे, पण डीएस३२३१ वरचा तो सेल घड्याळच चालवतो, बोर्डाला पोसत नाही. शिवाय स्वस्तातल्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगसाठी एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो, तो रिचार्जेबल एलआयआर२०३२ साठी. तिथे साधा सीआर२०३२ बसवून ५ व्होल्ट दिले, तर चार्ज न करायच्या सेलमध्ये करंट जात राहतो. सेल फुगू शकतो, गळू शकतो. भिंग घ्या, ‘२०१’ लिहिलेला बारका रेझिस्टर शोधा आणि काढून टाका.

खरी गोम आहे ती मेनवरून बॅटरीवर जाण्याच्या क्षणात. पॉवर बँक लावली की झालं, असं वाटतं. पण चार्जिंग तुटताच बऱ्याच पॉवर बँका क्षणभर आउटपुट बंद करतात आणि बोर्ड रीसेट होतो. करंट फारच कमी ओढला तर काही आपोआप झोपतात. टीपी४०५६ च्या चार्जरचं दुखणं वेगळं. सेल भरला हे तो करंट उतरल्यावरून ओळखतो. चार्जिंग चालू असताना सेलच्याच तारांवर बोर्डही जोडला, तर करंट पुरता उतरतच नाही. त्यासाठी लोड शेअरिंगचं सर्किट लावतात. एक मॉस्फेट, एक शॉट्की डायोड, एक रेझिस्टर, बस्स.

१८६५० सेलवर ९,९०० एमएएच छापलंय? खुशाल परत ठेवा. या आकाराचा चांगला सेलही साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. हिशेब एमएएचपेक्षा वॅट-तासांत करावा. ३.७ व्होल्टचा २,५०० एमएएच सेल म्हणजे सव्वानऊ वॅट-तास. बोर्ड ५ व्होल्टवर सरासरी १०० मिलीअँपिअर ओढत असेल, तर बूस्ट कन्व्हर्टरमधली घट धरून पंधराएक तास मिळतील.

वळवाला तेवढे भरपूर. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी ओलांडली, तेव्हा पुराच्या भागात वीज दिवसेंदिवस बंद ठेवावी लागली होती. तशा वेळेसाठी बोर्डाला डीप स्लीपमध्ये टाकून तासातून एकदा उठवणं बरं. तिथेही चिपच्या माहितीपत्रातल्या मायक्रोअँपिअरवर जाऊ नका. बोर्डावरचा लाल एलईडी आणि यूएसबीची चिप बोर्ड झोपला तरी खात राहतात.

मोबाइलवर संदेश हवा असेल तर राउटरही चालू असावा लागतो, आणि हेच हटकून विसरलं जातं. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा.