म्हातारं कुत्रं जीव लावत नाही?

पारोळ्यात कुणी आठ वर्षांचा ग्रेट डेन घरी आणला की ओट्यावर बसलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हतारा व्हई गया, आते काय जीव लाई?" पाळायचं तर पिल्लूच आणावं, मोठेपणी आणलेलं कुत्रं जुन्या मालकाचंच राहतं, असा हा समज. शहरात हौसेनं घेतलेली आणि मग सोडून दिलेली ही धिप्पाड कुत्री याच समजापायी शेवटपर्यंत पिंजऱ्यात राहतात. म्हणून मला या वाक्याची चीड येते.

समजाचं मूळ मात्र खरं आहे. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५च्या ग्रंथात दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा सहवास मिळाला नाही, तर ते पुढे माणसाला बिचकतं. लोकांनी यातून भलताच अर्थ काढला. त्या वयात माणसाची सवय व्हायला हवी, इतकंच हे संशोधन सांगतं. ती एकदा झाली की नव्या माणसाचा लळा कोणत्याही वयात लागतो. बुडापेस्टच्या मार्ता गाची आणि सहकाऱ्यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. निवारा केंद्रातल्या प्रौढ कुत्र्यांना एका अनोळखी माणसाचा फक्त तीनदा, दर वेळी दहा मिनिटं सहवास दिला. तेवढ्यावर ती त्या माणसाशी परक्यापेक्षा वेगळी, मालकाशी वागावं तशी वागू लागली. अर्ध्या तासाच्या ओळखीवर! अंधांना वाट दाखवणारी कुत्री तर लहानपणी एका कुटुंबात वाढतात, मग प्रशिक्षकाकडे जातात आणि मोठेपणी अंध सोबत्याकडे. त्यांच्या निष्ठेवर कुणी शंका घेतं का?

मग "आमच्याकडचं तर जवळच येत नव्हतं" असं लोक का सांगतात? कारण पहिले काही दिवस कुत्रं भेदरलेलं असतं. कोपरा धरतं, जेवत नाही, नुसतं झोपून राहतं. त्याला माया नाही असा शिक्का आपण तेव्हाच मारून मोकळे होतो. पुढे ते हाकेला येत नाही, कारण वयानं ऐकू कमी येतं. उठायला कुरकुरतं, कारण सांधे दुखतात. झोपेत अचानक हात लावल्यावर गुरगुरतं, तेही दचकून. जमिनीवर हलकेच पाय आपटून त्याला जागं करा, मग हात लावा. गुळगुळीत फरशीवर गोणपाट टाका, झोपायला जाड गोधडी द्या. हे न करता "म्हातारपणच ते" म्हणणं म्हणजे दुखण्याकडे पाठ फिरवणं. सांधेदुखीवर कुत्र्यांची वेगळी औषधं असतात. घरातली आयबुप्रोफेनची गोळी मात्र कधीही देऊ नका, त्यानं जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात.

"कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे आपली सात" हा हिशेबही सोडा. कॉर्नेलिया क्राउस यांच्या २०१३च्या अभ्यासात ७४ जातींची तुलना होती. वजन दोन किलोंनी वाढलं की आयुर्मान महिनाभरानं घटतं, असं त्यात दिसलं. आठ वर्षांचा पॉमेरेनियन मध्यमवयीन असतो, त्याच वयाचा ग्रेट डेन म्हातारा.

"अशा मोठ्या जातींवर सरकारनं बंदी घातलीय" हेही ऐकू येतं. १२ मार्च २०२४च्या केंद्राच्या परिपत्रकातल्या २३ जातींत ग्रेट डेन नव्हता, सेंट बर्नार्डही नव्हता. शिवाय कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक एप्रिलमध्येच रद्द केलं.

शेवभाजीचा उरलेला रस्सा भाकरीत कुस्करून घालणाऱ्यांनी कांदा-लसूण आठवावा. दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. उन्हाळ्यात सेंट बर्नार्डचे केस मुळापासून भादरल्यानं त्याला गार वाटत नाही, उलट कातडी उन्हात भाजते. कुत्रं मुख्यतः धापा टाकून गार होतं. खान्देशातल्या मे महिन्यात फिरवणं उजाडायच्या आत उरकायला हवं.

वाडगा उंचावर ठेवला की पोट फुगत नाही, असं सांगणारेही भेटतात. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०००च्या अभ्यासात नेमकं उलटं आढळलं, उंच वाडग्यावर जेवणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका जास्त होता. ओकारीचा नुसता उमाळा येतो, बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, पोट ढोलासारखं ताणतं. याचा अर्थ जठराला पीळ पडलाय, आणि शस्त्रक्रियेला हातात काही तासच आहेत. तेव्हा रात्री ऑपरेशन करणारा डॉक्टर धुळ्यात मिळेल की जळगावात, हे कुत्रं घरी आणायच्या आधीच विचारून ठेवा.