वासाचे डोंगर

समुद्रावर खुणेचं झाड नसतं. किनारा दिसेनासा झाला की आपल्याला सगळीकडे तेच पाणी आणि तीच क्षितिजाची रेघ. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात भटका अल्बट्रॉस मात्र एकेका फेरीत हजारो किलोमीटर उडतो, दूरदूर विखुरलेलं भक्ष्य नेमकं गाठतो आणि बेटावरच्या आपल्या पिल्लापाशी परत येतो. त्याला वाट दाखवतं कोण?

गॅब्रिएल नेविट या अमेरिकी शास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागल्या त्या माशांकडून. सामन मासा जन्माच्या ओढ्याचा वास लक्षात ठेवतो आणि मोठा झाल्यावर त्या वासावर घरी येतो. त्यांचं आधीचं काम त्यावरचं. पक्ष्यांना वासाचं फारसं कळत नाही, हा समज तेव्हा पक्का मुरलेला होता. पण अल्बट्रॉस आणि त्याच्याच गोतावळ्यातल्या पेट्रेल पक्ष्यांच्या चोचीवर तर चक्क नळ्यांसारख्या नाकपुड्या असतात, आणि मेंदूतला वासाचा भागही भलताच मोठा. निसर्ग एवढा खटाटोप उगाच करील?

नेविट बोटीवरून समुद्रात माशांच्या वासाचे प्रयोग करू लागल्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका सफरीत बोट वादळात सापडली. त्या केबिनमध्ये भेलकांडून अवजारांच्या पेटीवर आदळल्या आणि मूत्रपिंडाला जखम झाली. बोट चिलीच्या बंदराला लागली, दुसरी तुकडी चढली, तरी त्या अंथरुणालाच खिळलेल्या. नव्या तुकडीचे प्रमुख टिम बेट्स हवेतल्या एका वायूचा अभ्यास करत होते: डायमिथाइल सल्फाइड, थोडक्यात डीएमएस. शिजणाऱ्या कोबीला, कालवांना जो वास असतो, त्यात हाच वायू असतो. आपण ज्याला समुद्राचा वास म्हणतो, त्यातही तो आहेच.

तो येतो कुठून, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगतात, त्यांना प्लवक म्हणतात. जवळ्यासारखे दिसणारे क्रिल त्यांच्यावर चरतात. चरताना प्लवकांच्या पेशी फुटतात आणि डीएमएस हवेत सुटतो. म्हणजे जिथे हा वास, तिथे पंगत बसलेली! बेट्स यांच्या आलेखात या वायूची पातळी कुठे उंच चढलेली, कुठे दरीसारखी उतरलेली. ते पाहताना नेविट यांना उमगलं की ज्याला आपण सपाट पाणी समजतो, त्यावर वासाचे डोंगर उभे आहेत. पाण्याखाली खरोखरच डोंगर असतो किंवा खंडाची कड असते, तिथे खोल पाणी वर येतं, पोषण आणतं, प्लवक माजतात. तळाचा भूगोल असा वर हवेत उमटतो.

पुढे साउथ जॉर्जिया बेटाजवळ त्यांनी पाण्यावर तेलाचे तवंग सोडले, काही साधे, काही डीएमएस मिसळलेले. वासाच्या तवंगांकडे पेट्रेल जास्त आले. हे १९९५ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्यांच्याच २००८च्या एका अभ्यासात अल्बट्रॉसच्या अंगावर जीपीएस होतं आणि पोटात तापमापक. थंडगार मासा पोटात गेला की तापमान झपकन उतरतं, तोच घासाचा क्षण. उडता उडता टिपलेल्या भक्ष्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या आधी पक्षी वाऱ्याच्या उलट वळला होता किंवा नागमोडी उडत वाऱ्याविरुद्ध सरकला होता, वासाचा माग काढणाऱ्या कुत्र्यासारखा.

याच नाकाचा घातही होतो. समुद्रात पडलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्मजीव बसतात, आणि महिनाभरातच त्या तुकड्याला डीएमएसचा वास येऊ लागतो. संशोधक मॅथ्यू सॅव्होका आणि नेविट यांनी हे २०१६ साली दाखवून दिलं. पक्षी मूर्खपणाने प्लास्टिक गिळतो असं आपण म्हणत आलो. तो तर लाखो वर्षं खरी ठरलेली खूण पाळत असतो.

विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा जेमतेम चाळीस ग्रॅमचा काळा जीव याच नळीनाक्यांच्या कुळातला. त्याची वीण अंटार्क्टिकाकडे होते आणि तिथला हिवाळा टाळायला तो थेट आपल्या अरबी समुद्रात येतो. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. आणि बाहेर, खवळलेल्या लाटांवर पाय टेकवत, हा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून काहीतरी हुंगत असतो.