संघ पुन्हा उभा करताना : पाहुणा खेळाडू आणि घरचा मुलगा

वैशाखातल्या एखाद्या दुपारी आपल्याकडील कोणत्याही गावच्या मैदानावर जाऊन उभे राहावे. कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या मळ्यात, नाहीतर जांभ्याच्या सड्यावर चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात आणि टेनिसच्या चेंडूचा सामना रंगात आलेला असतो. अशाच एका सामन्याच्या वेळी माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ पुटपुटले, “आमचे झील पाणी देतत आणि भायले येवन खेळतत!” त्यांच्या गावाने त्या वर्षी तीन-चार खेळाडू बाहेरून आणले होते. चषक मिळाला, मिरवणूकही निघाली. पुढच्या वर्षी तेच खेळाडू शेजारच्या गावाकडून खेळले आणि या गावाचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला.

त्या वृद्धाचे म्हणणे बरोबर होते काय? की हरलेल्या संघाला वर काढण्यासाठी चांगला खेळाडू बाहेरून आणणे हाच शहाणपणाचा मार्ग होता? हा वाद मालवणच्या बाजारपेठेत होतो, तसाच तो नागपुरास होतो आणि अमेरिकेतील बेसबॉलच्या शौकिनांतही होतो. तेव्हा त्याचा थोडा शांतपणे विचार करणे योग्य ठरेल.

प्रथम अमेरिकेतील पद्धत पाहू, कारण हे शास्त्र तेथे फार बारकाईने रचलेले आहे. पडता संघ सावरण्याची तेथे तीन साधने आहेत. पहिले साधन अदलाबदल. आपला आजचा नामवंत खेळाडू द्यावयाचा आणि त्याच्या बदली दुसऱ्या संघाचे दोन-तीन होतकरू तरुण घ्यावयाचे. दुसरे साधन म्हणजे ज्याला ते लोक ‘वेव्हर’ म्हणतात ते. एखाद्या संघाला खेळाडू नकोसा झाला, की त्याचे नाव सर्व संघांपुढे ठेवले जाते. त्याला उचलण्याचा हक्क क्रमवारीत तळाशी असलेल्या संघाला आधी मिळतो. तिसरे साधन म्हणजे नवोदितांची वार्षिक निवड. ही पद्धत १९६५ साली सुरू झाली आणि तीतही दुबळ्या संघाला झुकते माप असते. म्हणजे तेथे हरणाऱ्याला थोडे बक्षीसच मिळते. ह्यूस्टनचा संघ २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही हंगामांत शंभराहून अधिक सामने हरला, नवोदित जमवीत राहिला आणि २०१७ साली अजिंक्य ठरला. त्या विजयाच्या वर्षी त्याने प्रतिपक्षाच्या खुणा कपटाने चोरल्याचे पुढे २०२० मध्ये चौकशीत उघड झाले, हा भाग वेगळा.

आपल्या रणजी करंडक स्पर्धेत हरणाऱ्याला असे कोणतेही बक्षीस नाही. तो खालच्या गटात जातो, इतकेच. खेळाडूला दुसऱ्या राज्याकडून खेळावयाचे असेल, तर त्याने आपल्या संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावयाचे, आणि प्रत्येक राज्याने असे बाहेरचे खेळाडू तीनपर्यंतच घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. तेव्हा आपल्याकडच्या दुबळ्या संघापुढे दोनच वाटा उरतात. पाहुणा आणावा, नाहीतर घरचा मुलगा घडवावा.

पहिल्या वाटेचा इतिहास जुना आणि मोठा वैभवशाली आहे. संस्थानिकांच्या काळात खेळाडू दरबारच्या आश्रयाने जमविले जात. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळत होते. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. ज्याने आपल्याला इतके झोडपले, त्याला आपल्याकडेच आणावे हे बरे, असे बडोदेकरांना वाटले असल्यास नवल नाही! पुढे हजारे बडोद्याचेच झाले. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांच्या पदरी गेले. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर युद्धामुळे महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा केल्या. तरीही तो सामना मुंबईने ३७४ धावांनी जिंकला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मात्र पुढे १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला.

मग काय झाले? संस्थाने गेली, आश्रय गेला आणि १९५४-५५ नंतर होळकर संघाचे नावही स्पर्धेच्या यादीतून गेले. त्या प्रदेशाकडे, म्हणजे मध्य प्रदेशाकडे, करंडक पुन्हा यावयास जून २०२२ उजाडावा लागला. मध्ये जवळजवळ सत्तर वर्षे गेली. याची कारणे अनेक असतील. परंतु धन्याच्या तिजोरीवर उभा राहिलेला संघ धन्याबरोबरच जातो, एवढे तरी यावरून दिसते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. ज्या नागपुराने नायडूंसारखा मोहरा बाहेर दिला, त्याच नागपूरचा विदर्भ संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळू लागला. साठ वर्षे त्याला विजेतेपद मिळाले नाही. मोठे संघ त्याच्याशी सामना म्हणजे हक्काचे गुण समजत. या संघाने नागपुरात निवासी अकादमी काढून मुले घडविण्यास आरंभ केला आणि त्याच वेळी निवडक पाहुणेही आणले. २०१५-१६ च्या हंगामापासून मुंबईचा वसीम जाफर विदर्भाकडून खेळू लागला. कर्नाटकाचा गणेश सतीश होताच. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. जाफर आल्यावर पहिल्या दोन हंगामांत करंडक मिळाला नाही, तरी कोणी त्याला परत पाठविले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

२०१७-१८ मध्ये उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी मात केली आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदुरात दिल्लीला हरवून प्रथमच करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक कोणी घेतली? रजनीश गुरबानीने. शतक कोणी केले? अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने. दोघेही विदर्भाचे. कप्तान फैज फजल, तोही नागपूरचाच. जाफरने विजयाच्या धावा काढल्या खऱ्या, पण विजयाची इमारत घरच्या मुलांनी रचली होती. पुढच्या वर्षी, वयाची चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हजारांहून अधिक धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. पाहुणा कसा असावा, याचा हा वस्तुपाठ आहे. तो धावा करतोच, पण रोज सकाळी सरावाच्या जाळीत तो कसा उभा राहतो, कोणता चेंडू सोडून देतो, हे शेजारच्या जाळीतील मुलगा पाहत असतो. ही शिकवणी पैशाने वेगळी विकत मिळत नाही.

आता ‘वेव्हर’चे देशी रूप पाहा. करुण नायर या कर्नाटकाच्या फलंदाजाने डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा काढल्या होत्या. पुढे तो भारताच्या संघातून गेला आणि २०२२ मध्ये कर्नाटकाच्या संघातही त्याला जागा उरली नाही. दुसऱ्याने बाजूला ठेवलेला हा खेळाडू विदर्भाने २०२३ मध्ये घेतला. त्याला भूक होती आणि विदर्भाला आधार हवा होता. २०२४-२५ च्या रणजी हंगामात त्याने ८६३ धावा केल्या. त्याच हंगामात घरच्या यश राठोडने ९६० धावा केल्या, आणि हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन एका हंगामातील बळींचा नवा उच्चांक केला. नागपूरच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दानिश मालेवार या कोवळ्या मुलाने १५३ धावा केल्या. त्या वेळी दुसऱ्या टोकाला धीर देत उभा होता तो करुण नायर. त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने २ मार्च २०२५ रोजी तिसऱ्यांदा करंडक मिळविला. कप्तान होता तोच अक्षय वाडकर!

याच सामन्यातील आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. केरळकडून झुंजून ७९ धावा करणारा आदित्य सरवटे हा मूळचा विदर्भाचा. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने विदर्भासाठी ११ बळी घेतले होते. आता तो पाहुणा म्हणून केरळकडे गेला होता आणि आपल्याच जुन्या मैदानावर, जुन्या सोबत्यांविरुद्ध लढत होता. त्यात कोणी कृतघ्नता पाहू नये. खेळाडूची वर्षे मोजकी असतात, आणि जेथे खेळावयास मिळेल तेथे तो जाणारच. संघ पुन्हा उभारण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी एवढे विसरू नये, की पटावरील सोंगट्या आणि माणसे यांत फरक आहे.

२०२५ मध्ये करुण नायर कर्नाटकाकडे परतला. होळकर संघाची गत विदर्भाची व्हावयाची असती, तर ती आता व्हावयास हवी होती. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरास इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरविले, आणि त्यात अथर्व तायडे या विदर्भाच्याच फलंदाजाचे शतक होते. पाहुणा गेला तरी घर उभे राहिले.

या साऱ्या कथेचा एक धागा आपल्या मालवणपर्यंत येतो. विदर्भाला दोन करंडक मिळवून देणारे चंद्रकांत पंडित हेच २०२२ साली मध्य प्रदेशाला करंडक मिळवून देणारे प्रशिक्षक. त्याआधी ते पाहुणे खेळाडू म्हणून मध्य प्रदेशाचे कप्तान होते आणि १९९८-९९ चा अंतिम सामना कर्नाटकाविरुद्ध हरले होते. हे पंडित शिष्य कोणाचे? रमाकांत आचरेकरांचे. आणि आचरेकरांचा जन्म १९३२ साली आपल्या मालवणात झालेला.

होतकरू मुलगा कसा पारखावा आणि कसा वाढवावा, याचे आचरेकर सरांचे शास्त्र साधे होते. मुलाला सामने द्यावयाचे. एक नव्हे, पुष्कळ. शिवाजी पार्कवर एक सामना संपला की मुलाला स्कूटरवर बसवून दुसऱ्या सामन्याला न्यावयाचे. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवावयाचे आणि बाद न होता सराव पुरा केला तर ते त्याला द्यावयाचे. क्रिकेटची चांगली सोय नसलेल्या शाळेतून सचिन तेंडुलकरला शारदाश्रमात आणविले, तेही सरांच्याच सल्ल्याने. म्हणजे बदली सरांनीही केली. पण ती मुलाच्या वाढीसाठी होती.

होतकरूंच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. तेंडुलकरच्या ३२६ आणि कांबळीच्या ३४९, दोघेही नाबाद. त्या दिवशी कोणीही म्हटले असते, की दोघांचे भवितव्य सारखेच. पुढे एकाच्या वाट्याला २०० कसोटी सामने आले, तर दुसऱ्याच्या वाट्याला १७. एका डावावरून मुलाचा भाव ठरवू नये, मग तो डाव केवढाही असो. म्हणूनच एका होतकरूवर सारी भिस्त न ठेवता दहाजणांना वाढवावे लागते. त्यांतील दोघे-तिघे पुढे येतात आणि उरलेले गावचे खेळ जाणणारे प्रेक्षक, पंच व शिक्षक होतात. तीही कमाईच आहे.

आपला जिल्हा हा नेहमी देणाऱ्यांच्या बाजूचा. मुंबईला आपण गिरणीकामगार दिले, नट दिले, आचरेकरांसारखे गुरू दिले. देण्यात कमीपणा नाही. परंतु गावात उरलेल्या मुलाच्या हाती नुसती पाण्याची बाटली राहू नये, याची काळजी कोणी घ्यावयाची? अलीकडे आपल्या स्पर्धांतूनही खेळाडूंचा लिलाव होतो आणि त्यासाठी वर्गणी उभी राहते. माझे त्याला ना नाही. पाहुणा जरूर बोलवावा. मात्र बोलावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तो आपल्या मुलांबरोबर चार दिवस आधी सरावाला उतरेल काय? त्याच्या येण्याने आपल्या ज्या मुलाची जागा जाईल, त्याला दुसरा कोणता सामना आपण देणार आहोत? आणि तो परत गेल्यावर आपल्या संघात काय उरेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘चषक’ असे आले, तर तो सौदा महाग पडला असे समजावे, कारण चषक कपाटात जातो आणि पुढच्या वैशाखात खेळावयास येत नाही. उत्तर ‘तीन वर्षे वाट पाहण्याजोगी दोन मुले’ असे आले, तर वर्गणी सत्कारणी लागली. माझ्या शेजारच्या त्या वृद्धाला आपल्या मुलांच्या हाती फळी पाहावयाची होती. पाहुणा दुसऱ्या टोकाला उभा असता, तर त्यालाही त्यांची हरकत नव्हती.