काचीगुड्याचे रहीम मास्तर

काचीगुडा हे नाव जालन्याच्या घराघरांत माहीत आहे. लग्नकार्याला, इलाजाला किंवा शिक्षणासाठी हैदराबादला निघालेली आपली माणसे पिढ्यान् पिढ्या त्याच स्टेशनवर उतरत आली. या काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये एकेकाळी एक मास्तर शिकवीत असत. त्यांच्या हाताखाली भारताने फुटबॉलमध्ये आशियाई स्पर्धेची दोन सुवर्णपदके जिंकली, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक होते. २०२४ साली ‘मैदान’ चित्रपट आला आणि मुले विचारू लागली, सर, हे रहीमसाहेब खरेच होऊन गेले का?

होऊन गेले. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यापीठाच्या संघातून खेळले. बी.ए. झाले आणि शिक्षक झाले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन दारुल उलूम आणि चादरघाट हायस्कूलमध्ये खेळाचे काम पाहू लागले. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, म्हणजे एका अर्थाने ते आपल्याच मुलखाचे मास्तर.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्याकडे आला आणि १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. मुंबई-कोलकात्याचे मोठमोठे क्लब असताना पोलिसांच्या संघाने हे करून दाखवले, याचे कारण त्यांच्या शिकवण्यात होते. शिक्षक म्हणून आम्हाला त्यांच्यातले हेच सर्वात मोलाचे वाटते. पोरे एकाच पायाने खेळतात हे दिसले, तर त्यांनी कमजोर पायानेच खेळायच्या स्पर्धा ठेवल्या. चेंडू पायात घोळवत बसायची सवय मोडावी म्हणून घोळवायलाच बंदी असलेले सामने भरवले. बुटक्या मुलांना कोणी संघात घेत नाही, म्हणून कमी उंचीच्या मुलांच्या वेगळ्या स्पर्धा घेतल्या. बी.एड.च्या पुस्तकात आम्ही ज्याला उपचारात्मक अध्यापन म्हणून पाठ केले, ते हेच. फळ्याऐवजी मैदान, एवढाच फरक.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याच्या तुलसीदास बलराम या गरीब घरच्या मुलाचा खेळ त्यांच्या नजरेत भरला. सरावाला रोज हैदराबादला येणे त्याला परवडत नव्हते. जाण्यायेण्याचा खर्च रहीमसाहेबांनी खिशातून दिला. हा बलराम पुढे मेलबर्न आणि रोम अशी दोन ऑलिम्पिक खेळला. उलट, स्वतःचा मुलगा सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या चमूत होता, पण त्याला एकाही सामन्यात उतरवले नाही. मुलाला पुढे करण्याचा मोह किती मोठा असतो, हे आपण आपल्या संस्थांतून रोज पाहतो. म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिली.

हार त्यांच्याही वाट्याला आली. १९५१ मध्ये दिल्लीला इराणला हरवून सुवर्ण मिळाले आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी चूल नव्याने मांडली. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. नेव्हिल डिसोझा यांनी त्यात तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत चौथा आला. तिथवर आपण पुन्हा कधी पोहोचलो नाही.

१९६२ च्या जकार्ताला ते निघाले तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांना गाठलेले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० ने हरवले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांचे डोके फुटले, टाके पडले. अशा माणसाला बचावात ठेवणे धोक्याचे, म्हणून मास्तरांनी त्यांना थेट पुढच्या फळीत उभे केले. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी बोलावले नाही, यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतल्यामुळे सारे शहर भारतावर चिडले होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांकडे एकच भेट मागितली, ते सुवर्णपदक.

४ सप्टेंबर १९६२. सुमारे एक लाख प्रेक्षक आणि बहुतेक सगळे विरोधात. आपल्याला साथ दिली ती पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडूंनी, असे त्या दिवशीचे भारतीय खेळाडू पुढे सांगत. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, दुसरा टाके पडलेल्या जर्नेल सिंग यांनी. कोरियावर २-१. आशियाई फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर आजवर मिळालेले नाही.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी मरहूम रहीमसाहेब अल्लाहला प्यारे झाले. वय अवघे ५३. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये. पण त्यांची शिकवण मुरली होती. १९७० च्या बँकॉक स्पर्धेत भारताला कांस्य मिळाले, तेव्हा प्रशिक्षकांत त्यांचेच शिष्य पी. के. बॅनर्जी होते. मुलगा हकीम फिफाचा पंच झाला, प्रशिक्षकही झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचेही निधन झाले.

आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. तो तास गणिताला द्यावा, असे पालक आम्हाला हक्काने सांगतात. मुलींच्या बाबतीत तर तो सातवीतच संपतो. मैदान नाही, साहित्य नाही, ही सबबही आम्ही मास्तर मंडळी तयार ठेवतो. कमजोर पायाच्या सामन्याला मात्र एक चेंडू आणि चार दगड पुरतात. या हिवाळ्यात शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर आम्ही तो सुरू करतो आहोत, सातवीपासून पुढे, मुलांचा आणि मुलींचा वेगवेगळा. नियम एकच: उजव्याने खेळणाऱ्याने डावा पाय वापरायचा, डावऱ्याने उजवा.