निळ्या पाण्याला लांबूनच टाटा!

पाचोऱ्याच्या माणसाला माती म्हटलं की काळीच आठवते. कापसाची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्यामुळे आमच्या पाच जणांच्या ग्रुपचा (सगळे मूळचे पाचोऱ्याचे, सध्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत जमा) डिसेंबरचा ट्रेक रेडीला ठरला, तेव्हा सगळ्यात आधी चर्चा झाली ती बुटांच्या रंगाची. पांढरे शूज घरी ठेवा, बॉस. तिकडून परतताना ते विटकरीच होणार आहेत.

रेडी म्हणजे सिंधुदुर्गातलं, वेंगुर्ला तालुक्यातलं शेवटचं टोक. पलीकडे गोवा. गावातल्या डोंगरांतून वर्षानुवर्षं लोहखनिज काढलं गेलं आणि गावातल्याच बंदरातून ते जहाजांनी बाहेर गेलं. 2000 नंतर चीनची मागणी वाढली तेव्हा या सगळ्या पट्ट्यात डंपरच्या रांगा लागल्या. मग 2012 मध्ये शेजारच्या गोव्यात खाणी थांबल्या, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथली 88 लीज रद्द केली, आणि 'खाण बंद' हा शब्द इकडच्या चहाच्या टपरीवरही आला. मागे उरले ते खड्डे, मातीचे ढीग आणि पाणी.

मी तिथे आधी एकदा जाऊन आलेय, म्हणून प्लॅनिंग माझ्या गळ्यात. आणि माझं पहिलं काम नकाशावर फुल्या मारण्याचं आहे.

कारण ते पाणी. जुन्या खाणीत पावसाचं पाणी साठून तळं होतं आणि फोटोत ते कमाल दिसतं. हिरवट निळं, भोवती लालभडक भिंती. एकदा अपलोड केलं की लाइक्सचा पाऊस. पण खाण पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेली असते. गावच्या तलावासारखा हळूहळू खोल होणारा काठ तिला नसतो. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत, दुसरं थेट डोक्यावरून. बाहेर यायला हात टाकावा तर भुसभुशीत माती हातातच येते. वरचा कडाही तसाच, खालून पोखरलेला असला तरी वरून कळत नाही. तेव्हा पोहणं नाही, काठावरचा सेल्फी नाही, कुंपण ओलांडणं नाही. आणि लीज बंद म्हणजे जागा सार्वजनिक झाली असंही नसतं. कुठे काम चालू आहे आणि कुठे नाही, हे सकाळी गावातच विचारायचं.

पावसाळ्यात तर नकोच. आमच्या खानदेशात कळण्याची भाकरी असते. सिंधुदुर्गात कळणे नावाचं गाव आहे, दोडामार्ग तालुक्यात. जुलै 2021 मध्ये तिथल्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचं पाणी घरांत, बागायतीत शिरलं. 'ग्रीन ग्रीन कोकण' बघायला ऑगस्टमध्ये जाऊ म्हणणाऱ्या आमच्यातल्या एकाला मी एवढंच सांगितलं. तो गप्प बसला.

आता दिवसाचं बघू. एकूण चाल दहा-बारा किलोमीटरच्या आत ठेवायची. चढ फारसा नाही, पण दमट हवा दम काढते. आमच्या गावी पारा 44 ला जातो तरी घाम वाळतो, इथे वाळत नाही. सकाळी उजाडता शिरोड्यातून निघायचं. मे 1930 मधला मिठाचा सत्याग्रह इथलाच. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 याच गावात शिक्षक होते, हे आमच्या ग्रुपमधल्या एकुलत्या एक मराठी वाचणाऱ्या मुलीसाठी.

तिथून रेडीच्या यशवंतगडावर. आदिलशाही, मराठे, सावंत, पोर्तुगीज, इंग्रज असे सगळे इथे येऊन गेले, आता राज्य झाडांचं आहे. मुळांनी भिंती धरून ठेवल्यात की पाडायला घेतल्यात, ते सांगणं कठीण. दुपारचं ऊन इथेच सावलीत काढायचं. डब्यात भाकरी आणि ठेचा. फिशथाळी संध्याकाळी, सोलकढी दोन वाट्या. माणशी तीन लिटर पाणी, आणि वाटेत मिळेलच असं धरायचं नाही.

ऊन उतरलं की गणपती. हे देऊळ या ट्रेकचं खरं केंद्र आहे, कारण ते खाणीतूनच आलंय. 1976 मध्ये खाणीवरच्या एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला, खोदलं तर दोन हातांची भलीमोठी मूर्ती सापडली, असं गावात सांगतात. तुम्ही श्रद्धाळू असा वा नसा, ज्या खड्ड्याने गावाला पगार दिला आणि धूळही दिली, त्याच खड्ड्यात गावाला देव मिळाला, हे तिथे उभं राहून ऐकायला वेगळं वाटतं. मागच्या वेळी देवळाबाहेर एका काकांशी गप्पा झाल्या. खाण हवी होती की नको, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कोणाक विचारतंस? डंपरवाल्याक की बागवाल्याक?" त्यांच्या घरात दोन्ही होते. त्यामुळे ढिगाऱ्याकडे बोट दाखवून 'वॉव, मंगळ ग्रह!' असं ओरडायचं नाही, हा नियमही मी ग्रुपवर टाकलाय.

अंगात जीव उरला तर रिक्षाने तेरेखोल. खाडीच्या अलीकडे, तरीही गोव्याचा असा हा किल्ला. 1746 मध्ये तो सावंतांकडून पोर्तुगीजांनी घेतला, त्याची ही देणगी.

जायचं कसं? मुंबईकरांना कोकणकन्या किंवा तुतारी, सावंतवाडी रोडला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. आणि घरी पाचोऱ्याला असाल तर जळगाव गाठा. मंगला एक्स्प्रेस तिथून गाडी न बदलता कोकण रेल्वेवर आणते, फक्त थांबे आधी बघून घ्या. डिसेंबरची तिकिटं लवकर संपतात. आमची पाचपैकी तीन कन्फर्म आहेत, दोन वेटिंगवर, आणि त्या दोघांनीच अजून शूज घेतलेले नाहीत.